‘के’ जीवनसत्त्व, नवजात बालक आणि एका संशयाचा प्रवास

जीवनसत्त्वांचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर कोष्टक काढतो. त्यात ‘के’ची ओळ बहुधा सर्वांत शेवटी येते. कार्य : रक्त गोठण्यास मदत. स्रोत : हिरव्या पालेभाज्या. अभाव : क्वचित. यातील ‘क्वचित’ या शब्दावर आमचा आक्षेप आहे. मोठ्या माणसांत हा अभाव क्वचित आढळतो हे खरे. परंतु जन्माला येणारे प्रत्येक मूल या जीवनसत्त्वाचा अगदी तुटपुंजा साठा बरोबर घेऊन येते. म्हणूनच जन्मानंतर काही तासांत त्याच्या मांडीत १ मिलिग्रॅम ‘के’चे इंजेक्शन देतात. या इंजेक्शनावर एकेकाळी फार मोठा संशय घेतला गेला. तो संशय कसा उभा राहिला, कसा तपासला गेला आणि तपासानंतरही का टिकून राहिला, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. डेन्मार्कचे हेन्रिक डाम १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढून टाकलेले खाद्य देऊन प्रयोग करीत होते. त्या पिलांच्या कातडीखाली व स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला. खाद्यात काहीतरी उणे आहे, या तर्काचा पाठपुरावा करून १९३५ मध्ये त्यांनी या अज्ञात घटकाला ‘कोआगुलेशन’ (रक्त गोठणे) या शब्दाच्या आद्याक्षरावरून ‘के’ हे नाव दिले. पुढे अमेरिकेच्या एडवर्ड डॉइझी यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली. १९४३ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात. ‘के’च्या मदतीने त्यांच्यात एक छोटा रासायनिक बदल होतो आणि मगच ती कॅल्शियमला धरून ठेवू शकतात. ‘के’ नसेल तर प्रथिने तयार होतात, पण निकामी राहतात. नवजात बालकाची अडचण तिहेरी आहे. वारेतून हे जीवनसत्त्व फारच थोडे पलीकडे जाते. आतड्यातील जिवाणूंची वस्ती नुकतीच बसू लागलेली असते. शिवाय आईच्या दुधाच्या एका लिटरमध्ये ‘के’ अवघे काही मायक्रोग्रॅम असते. लिटरमागे २ मायक्रोग्रॅम धरले आणि बालक दिवसाला ६०० मिलिलिटर दूध पिते असे मानले, तर त्याला जेमतेम १.२ मायक्रोग्रॅम मिळतात. स्तनपान हाच बालकाचा सर्वोत्तम आहार आहे, याला यामुळे मुळीच बाध येत नाही. एवढी एक उणीव बाहेरून भरून काढायची असते, इतकेच.

मग आईनेच भरपूर मेथी-पालक खाल्ला तर? विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे. पालेभाज्या आईच्या प्रकृतीला हितकारकच आहेत, पण वारेचा अडसर त्यांनी दूर होत नाही, आणि रोजच्या आहाराने दुधातील प्रमाण पुरेसे वाढत नाही. आई अपस्मारावरील किंवा क्षयरोगावरील काही औषधे घेत असेल, तर बालकाला पहिल्या चोवीस तासांतच रक्तस्राव होऊ शकतो. अशा मातांनी ही गोष्ट प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी. सर्वांत घातक प्रकार मात्र उशिरा, दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात दिसतो. ‘के’ न मिळालेल्या दर लाख बालकांमागे साधारण ४ ते ७ जणांना तो होतो. त्यांतील निम्म्यांना मेंदूत रक्तस्राव होतो, आणि तोही पूर्वसूचना न देता.

आता संशयाकडे वळू. ब्रिटनमध्ये १९७० साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला जात होता. त्या माहितीची छाननी करताना ब्रिस्टलच्या जीन गोल्डिंग व त्यांच्या सहकाऱ्यांना बालपणीचा कर्करोग आणि जन्मानंतर लगेच दिलेली औषधे, मुख्यतः ‘के’, यांत अनपेक्षित संबंध दिसला. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये त्यांनी कर्करोग झालेल्या १९५ मुलांची तुलना ५५८ इतर मुलांशी केली आणि इंजेक्शन घेतलेल्यांत कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट दिसतो, असे लिहिले. तोंडावाटे दिलेल्या ‘के’बाबत तसे आढळले नव्हते.

‘दुप्पट’ या शब्दाने खळबळ उडाली, आणि ती निराधार नव्हती. पंधरा वर्षे वयाच्या आत सुमारे ५०० ते ६०० मुलांमागे एकाला कर्करोग होतो. तो धोका खरोखर दुप्पट होत असेल, तर इंजेक्शनाने जितकी मुले वाचतात त्याहून कितीतरी अधिक आजारी पडतील. पूर्वानुभवही सुखद नव्हता. १९५० च्या दशकात कृत्रिम ‘के’ मोठ्या मात्रेत दिल्याने बालकांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ झाली होती. नंतर औषध व मात्रा दोन्ही बदलावी लागली. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांना अडाणी ठरवणे आम्हाला मान्य नाही.

पण ‘दुप्पट’ म्हटले की पुढचे प्रश्न विचारायलाच हवेत. रुग्ण दोनशेहून कमी होते. कोणाला कोणत्या मार्गाने ‘के’ दिले, याच्या नोंदी अनेकदा अपुऱ्या होत्या, आणि अशा वेळी रुग्णालयाच्या प्रघातावरून अंदाज बांधला गेला. ज्या बालकांचा जन्म अवघड झाला त्यांनाच निवडून औषध दिले गेले असेल, तर दोन गट मुळातच सारखे राहत नाहीत. आणि सर्वांत सोपी कसोटी अशी की, इंजेक्शन सर्रास दिले जाऊ लागल्यावर बालकर्करोगाचे प्रमाणही दुपटीकडे जायला हवे होते. तसे झाले नाही.

शास्त्रज्ञ येथेच थांबले नाहीत. १९९३ मध्ये स्वीडनमधील तेरा लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास आला. वर्गवारी तेथेही प्रसूतिगृहांच्या प्रघातावरूनच होती, पण संख्या प्रचंड होती. इंजेक्शन आणि तोंडावाटे मात्रा यांत कर्करोगाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील सुमारे ५५ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कर्करोग झालेल्यांपैकी ६८ टक्क्यांना, तर न झालेल्यांपैकी ७१ टक्क्यांना ‘के’ मिळाले होते. १९९८ मध्ये ब्रिटनमधूनच आलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नव्हते, म्हणून निरनिराळ्या अभ्यासांतील माहिती एकत्र करून पुन्हा पाहिले गेले. २००२-०३ पर्यंत चित्र स्पष्ट झाले : कर्करोगाशी संबंध असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही.

दरम्यान अनेक ठिकाणी इंजेक्शनाऐवजी तोंडावाटे मात्रा सुरू झाली होती. ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि एखादी चुकली की संरक्षण ढिले पडते. पित्तमार्गात छुपा दोष असलेल्या बालकांना तर ती नीट शोषताच येत नाही, आणि रक्तस्रावाचा धोका त्यांनाच सर्वाधिक असतो.

संशय फिटला, पण निकाल सर्वांपर्यंत पोहोचला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथे चार तान्ह्या बालकांना उशिराचा रक्तस्राव झाला. त्यांतील तिघांना मेंदूत. चौघांच्याही आईवडिलांनी इंजेक्शन नाकारले होते. त्यांनी दिलेल्या कारणांत एक कारण होते रक्ताच्या कर्करोगाची भीती. म्हणजे स्वीडनच्या अभ्यासाला वीस वर्षे झाल्यावरही ब्रिस्टलचा आकडा बालकांच्या पाळण्याशी उभा होता!

दोष कोणाचा? गोल्डिंग यांचा नाही. दिसले ते त्यांनी मांडले, इतरांना तपासता येईल असे मांडले. विज्ञान असेच चालते. आमची तक्रार सांगण्याच्या रीतीबद्दल आहे. संशयाची बातमी होते, निरसनाची होत नाही. डॉक्टर ‘घ्यायलाच हवे’ एवढेच सांगतात, का ते सांगत नाहीत. आणि आपले कोष्टक ‘अभाव : क्वचित’ म्हणून मोकळे होते. ज्याला कारण ठाऊक नाही, त्याने पहिल्या भीतीला शरण जावे यात नवल ते काय?

भारत सरकारने २०१४ मध्ये दवाखान्यात जन्मणाऱ्या सर्व बालकांना ‘के’ देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या : १००० ग्रॅम व त्याहून अधिक वजनाच्या बालकास १ मिलिग्रॅम, कमी वजनाच्या बालकास अर्धा मिलिग्रॅम. आज आपल्यासमोर बसलेल्या मुलामुलींपैकी अनेकांना काही वर्षांनी याविषयी निर्णय घ्यावा लागेल. तेव्हा कोष्टकात एक शब्द वाढवावा, अशी आमची सूचना आहे. ‘क्वचित’च्या पुढे लिहावे : ‘नवजात बालकाखेरीज’. मग कोणीतरी ‘असे का?’ म्हणून हात वर करील, आणि खरा पाठ तेथून सुरू होईल.