निशाण्याबाहेरचा उजेड

पिस्तुलाच्या नळीखाली बसवायचा दिवा घ्यायला निघालेला माणूस आधी एकच गोष्ट विचारतो: लुमेन किती? अमेरिकेतल्या शस्त्रांच्या दुकानांत हे दिवे काचेखाली ओळीने मांडलेले असतात, आणि प्रत्येक खोक्यावर सगळ्यांत ठळक अक्षरात तोच आकडा छापलेला असतो. पाचशे, आठशे, हजार. आकडा वाढला की दिवा चांगला, असा सरळ हिशेब. मला या दिव्यांबद्दल जे म्हणायचं आहे ते त्या हिशेबात बसत नाही. नळी जिथे रोखलेली आहे तिथे पडणारा उजेड प्रत्येक दिवा देतो. उत्तम दिवा ओळखायचा तो निशाण्याच्या बाहेर, आजूबाजूला पसरणाऱ्या उजेडावरून. त्यासाठी मी मुद्दाम एक साधा, खिशाला झेपणारा दिवा निवडला आहे: स्ट्रीमलाइट कंपनीचा टीएलआर-७ए.

स्ट्रीमलाइट ही १९७३ साली सुरू झालेली, पेनसिल्वेनियातल्या ईगलव्हिलची कंपनी. हा दिवा साधारण दीडशे डॉलरच्या आत मिळतो. या क्षेत्रात ज्याच्याशी सगळ्यांची तुलना होते तो कॅलिफोर्नियाच्या शुअरफायरचा एक्स३०० तीनशे डॉलरच्या आसपास जातो. म्हणजे इथे निम्म्या पैशांत काम होतं. त्या निम्म्या पैशांत काय मिळतं आणि काय सुटतं, हे पाहण्यात खरी गंमत आहे.

तळहातावर घेतला तर वजन ६८ ग्रॅम. लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या जवळपास. बाहेरून काळं अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम, पोटात सीआर१२३ए जातीचा तीन व्होल्टचा एकच लिथियम सेल. ग्लॉक १९ वर चढवला की दिव्याचं तोंड आणि नळीचं तोंड जवळजवळ एका रेषेत येतं. दिवा पुढे डोकावत नाही, मागे खुजाही वाटत नाही. पिस्तूल घडवतानाच तो तिथे असायला हवा होता, असं वाटण्याइतकं हे माप जमलं आहे.

तो बसतो ती जागाही पाहण्यासारखी आहे. नळीखाली आडव्या खाचांची पट्टी असते. तिचं माप अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये ठरवून दिलं आणि न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी शस्त्रागाराचं नाव तिला चिकटलं. खाचेची रुंदी सव्वापाच मिलिमीटर, दोन खाचांमधलं अंतर दहा मिलिमीटर. पिस्तुलं करणारे मात्र सगळेच हे माप काटेकोर पाळत नाहीत, ग्लॉकची पट्टी तर वेगळीच. म्हणून या दिव्यासोबत खाचेत बसणाऱ्या लहान लहान, बदलता येणाऱ्या चाव्या मिळतात. आपल्या पिस्तुलाला जुळेल ती बसवायची, म्हणजे दिवा खाचेत हलत नाही. तो बाजूने चढवून घट्ट करता येतो, नळीच्या तोंडासमोर हात न्यावा लागत नाही. ही सोय ज्याने योजली त्याला हत्याराची शिस्त ठाऊक होती.

आता झोत. हा वाचायचा तर दिवा पिस्तुलावरून काढून नुसता हातात धरावा, खोली अंधारी करावी आणि पांढऱ्या भिंतीपासून तीनेक मीटरवर उभं राहावं. मध्यभागी एक प्रखर गोल दिसतो. त्याची कड कापल्यासारखी नाही, ती हळूहळू विरत जाते. त्याच्या बाहेर मऊ, एकसारखा उजेड पसरलेला असतो. स्वस्त दिव्यांत हमखास दिसणारी काळी कडी, पिवळे डाग, मधेच पडलेली भोकं इथे जवळपास नाहीत. याचं कारण पुढच्या भिंगात आहे. जुन्या धाटणीच्या दिव्यांत वाटीसारखा चकचकीत परावर्तक असतो आणि त्याच्या तळाशी दिवा. इथे परावर्तकाऐवजी पारदर्शक घडीव भिंग आहे. एलईडीचा बाजूला जाणारा उजेड भिंगाच्या आतल्या भिंतींवर आदळतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे वळतो. शाळेत पाण्याच्या पेल्यात आणि काचेच्या लोलकात पाहिलेलं हेच ते परावर्तन, फक्त इथे ते अंगठ्याएवढ्या जागेत बसवलं आहे. भिंगाचा आकार किंचित बदलला की झोत लांब फेकायचा की रुंद पसरायचा ते ठरतं, आणि या दिव्याच्या कर्त्यांनी रुंदीच्या बाजूने कौल दिला आहे.

आकड्यांत बोलायचं तर लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा सगळा उजेड, कॅन्डेला म्हणजे एका दिशेला त्याची धार. टीएलआर-७ए ५०० लुमेन आणि ५,००० कॅन्डेला देतो. शुअरफायरचा एक्स३०० अल्ट्रा १,००० लुमेन आणि ११,३०० कॅन्डेला. स्ट्रीमलाइटचाच थोरला भाऊ टीएलआर-१ एचएल १,००० लुमेन आणि २०,००० कॅन्डेला. म्हणजे सारख्याच लुमेनच्या दोन दिव्यांत धारेचा फरक जवळजवळ दुपटीचा. खोक्यावरचा मोठा आकडा किती कमी सांगतो, ते इथे कळतं.

कॅन्डेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की तिथे किती लक्स उजेड पोचला ते निघतं. अमेरिकी घरातल्या लांब बोळाचं अंतर सात मीटर धरा. ५,००० भागिले ४९, म्हणजे शंभरावर लक्स. चेहरा ओळखायला, हातात काय आहे ते पाहायला हा उजेड भरपूर आहे. पंचवीस मीटरवर तोच उजेड आठ लक्सवर येतो. मागच्या अंगणात, धुक्यात, समोरून गाडीचे दिवे डोळ्यांवर येत असताना हा दिवा तोकडा पडतो, आणि तिथे थोरल्या भावाची धार लागते. खोक्यावर ‘१४० मीटर’ असं लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण ते एक चतुर्थांश लक्सचं माप आहे, पौर्णिमेच्या चांदण्याएवढं. तेवढ्या उजेडावर कुणाची ओळख पटवू नये.

मग बाजूच्या उजेडाला मी इतकं महत्त्व का देतो? पिस्तुलावरच्या दिव्याची सगळ्यांत मोठी अडचण अशी की तो जिकडे पाहतो तिकडेच नळी पाहत असते. हत्यार हाताळणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवलेला नियम आहे: ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही. आणि रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात भांडं वाजलं तर तिथे कोण आहे हे अजून ठाऊक नसतं. उशिरा परतलेला मुलगा असेल, पाणी प्यायला उठलेली आई असेल, नशेत घर चुकलेला शेजारी असेल. झोत अरुंद असला तर पाहण्यासाठी नळी त्यांच्यावर न्यावी लागते. तो रुंद आणि मऊ असला तर नळी खाली, जमिनीकडे ठेवूनच काम भागतं. झोताचा गाभा फरशीवर पडतो आणि त्याच्या कडेचा उजेड, फरशीवरून आणि भिंतींवरून उसळून, खोलीभर पोचतो. उभा असलेला माणूस पायांपासून चेहऱ्यापर्यंत दिसतो, आणि नळी त्याच्यावर एकदाही गेलेली नसते. या दिव्याची रुंदी मला सुंदर वाटते ती यासाठी. तिच्यात एक नैतिक बाजू आहे, आणि ती भिंगाच्या वळणात घडवलेली आहे.

जुन्नरकडे रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. लांब झोताच्या बॅटरीने पलीकडच्या बांधाचं टोक दिसतं, बिबट्या मात्र पायाजवळच्या सरीत बसलेला असू शकतो.

इथवर यायला या दिव्याला बराच काळ लागला. ५ मे १९८० रोजी ओलिसांना सोडवायला लंडनच्या इराणी दूतावासात शिरलेल्या, ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या विशेष दलाच्या जवानांनी आपल्या एमपी५ बंदुकांवर टॉर्च चढवलेल्या होत्या. तेव्हा दिव्यात तापणारी तार होती. धक्क्याने ती तुटायची, म्हणून बल्बला आतून धक्के सोसण्याची सोय करावी लागे. त्यानंतर शुअरफायरची ६पी ही खिशातली टॉर्च नावाजली, आणि ती दोन लिथियम सेलवर ६५ लुमेन द्यायची. निळ्या एलईडीच्या शोधाने सगळं पालटलं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो, आणि त्यात तुटायला तार नसते. आज एका सेलवर ५०० लुमेन मिळतात.

झोताइतकंच बारकाईने पाहावं ते बटण. २०१८ साली आलेल्या मूळ टीएलआर-७ ची बटणं दोन्ही बाजूंना होती आणि ती आतल्या अंगाला दाबावी लागत. लहान हाताच्या माणसाला पकड न मोडता तिथे पोचणं कठीण जायचं. ‘ए’ या एका अक्षराने तो दोष धुऊन काढला. बटणं मागे आली, दोन्ही हातांना सारखी राहिली, आणि उंच व बसकी अशा दोन जातींची बटणं सोबत मिळू लागली. आधार देणाऱ्या हाताचा अंगठा पुढे सरकवला की तो बटणावर येतो. हलकी टिचकी मारली की दिवा लागून राहतो, दाबून धरला की धरून ठेवेपर्यंतच पेटतो. अंधारात, छाती धडधडत असताना या दोन कृतींत गोंधळ होऊ नये, आणि इथे तो होत नाही.

बटणाच्या जागेत जिवाचा प्रश्न आहे. अमेरिकेत पोलिसांच्या हातून असे प्रसंग घडले आहेत की दिवा लावायला गेलेल्या बोटाने चाप ओढला गेला. मुठीच्या पुढच्या बाजूला, चापाखाली बसवलेल्या दाबबटणांवर त्यामुळे टीका झाली. टीएलआर-७ए चं बटण दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानेच दाबायचं, चापाच्या बोटाने नाही. दिवा कुणाचाही घ्या, ही विभागणी सोडू नका.

उरलेल्या गोष्टी भराभर. झटपट दोनदा दाबल्यावर झोत फडफडवण्याची सोय आहे. मला ती घरात निरुपयोगी वाटते, कारण फडफडत्या उजेडात समोरच्याचे हात नीट दिसत नाहीत. ती बंद करता येते, बंदच ठेवावी. एक सेल दीड तास चालतो. न वापरलेला लिथियम सेल दहा वर्षं टिकतो, म्हणून कपाटात पडून राहणाऱ्या पिस्तुलाला मी हाच चांगला मानतो. रिचार्जेबल दिवा वापरणारा तो नेमाने चार्ज करणारा हवा. गोळी सुटली की बारुदाची काजळी भिंगावर बसते आणि उजेड मंदावतो. सरावाला जाणारे लोक भिंगावर आधी ओठांचं मेण चोपडतात, मग काजळी फडक्याने निघून येते. चाळीस डॉलरच्या नकली दिव्यांचं खरं दुखणं धक्क्यात उघडं पडतं: आतली स्प्रिंग दबते, सेल क्षणभर सुटतो आणि दिवा नेमक्या वेळी विझतो.

किमतीत एक खर्च धरला जात नाही, तो म्हणजे होल्स्टर, पिस्तूल ठेवायचं म्यान. दिवा चढवलेलं पिस्तूल जुन्या होल्स्टरमध्ये जात नाही. नवा घ्यावा लागतो, आणि तो त्याच दिव्याच्या मापाने घडवलेला हवा. तोंडाशी जास्त फट राहिली तर चापाचं कडं उघडं पडतं, कपड्याची नाडी किंवा मुलाचं बोट आत शिरू शकतं. टीएलआर-७ए इथेही बाजी मारतो. तो इतका रुळलेला आहे की त्याच्यासाठी होल्स्टर करणारे कारागीर सहज सापडतात. कमी खपाचा दिवा दहा डॉलर स्वस्त मिळाला तरी होल्स्टर शोधताना महागात पडतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांत परवान्याचं, नियमाचं पिस्तूल आहे, त्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे. घराच्या आत वापरायचा, दीडशे डॉलरच्या आतला दिवा हवा तर टीएलआर-७ए घ्या. मोठं आवार असेल तर थोडे पैसे घालून टीएलआर-१ एचएल घ्या. पण त्याआधी हातात धरायची एक वेगळी टॉर्च घ्या आणि ती उशाशी ठेवा. आवाज कशाचा झाला ते शोधायला तीच वापरायची. पिस्तुलावरचा दिवा शोधण्यासाठी नाही.