धमनीची भिंत कोण पोसते? चंदीगडच्या ‘शहर म्हणजे शरीर’ या रूपकाची समीक्षा



मुंबईच्या लोकलला आपण जीवनवाहिनी म्हणतो, वर्दळीच्या रस्त्याला शहराची धमनी म्हणतो. असे शब्द बोलण्याच्या ओघात येतात आणि विसरले जातात. चंदीगडचे तसे नाही. तिथे शरीराचे रूपक आराखड्यातच आहे आणि त्या आराखड्यावर आजही वाद होतात. म्हणून या टिपणात आपण ते रूपक तपासणार आहोत. त्यासाठी एक साधा नियम पाळू : रूपक ज्या वस्तूवरून घेतले, ती वस्तू आधी नीट समजून घ्यायची. इथे ती वस्तू म्हणजे धमनी, आणि त्यातही मेंदूची धमनी.

रूपकाची मांडणी

ले कॉर्बुझिए यांच्याकडे चंदीगडचे काम आल्यानंतर १९५१ मध्ये शहराचा आराखडा नव्याने ठरला. त्याचे वर्णन नेहमी असे केले जाते : उत्तर टोकाला, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, सेक्टर १ मधील कॅपिटल कॉम्प्लेक्स हे डोके, सेक्टर १७ हे हृदय, हिरवे पट्टे ही फुप्फुसे, आणि रस्ते म्हणजे रक्ताभिसरण. रस्त्यांचे सात प्रकार केले गेले. व्ही-१ शहराला बाहेरच्या जगाशी जोडतो, व्ही-२ हा मुख्य राजमार्ग, व्ही-३ सेक्टरभोवती फिरतो आणि असे बारीक होत होत व्ही-७ ही पायवाट होते. पुढे सायकलींसाठी व्ही-८ आला.

मांडणी देखणी आहे. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे धमनी ही नळी आहे आणि नळीचे काम वाहून नेणे एवढेच. शरीरशास्त्र इथेच हरकत घेते.

धमनी म्हणजे नळी नव्हे

धमनीची (जुन्या पाठ्यपुस्तकांतील शब्द रोहिणी) भिंत जिवंत ऊतीची असते. तिला आतला, मधला आणि बाहेरचा असे तीन स्तर असतात. या भिंतीतील पेशींनाही प्राणवायू आणि अन्न लागते. आतून वाहणाऱ्या रक्तातून ते विसरणाने झिरपत मिळते, पण ते झिरपणे साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच पुरते. भिंत त्याहून जाड असेल तर दिव्याखाली अंधार अशी गत होते : सगळ्या शरीराला रक्त पोचवणाऱ्या वाहिनीची स्वतःची भिंत उपाशी राहू शकते.

यावर शरीराचा उपाय म्हणजे भिंतीतच असलेल्या अतिसूक्ष्म वाहिन्या. लॅटिन भाषेत त्यांना ‘व्हासा व्हासोरम’ म्हणतात, म्हणजे वाहिन्यांच्या वाहिन्या. वोलिन्स्की आणि ग्लागोव यांनी १९६७ मध्ये अनेक सस्तन प्राण्यांच्या महाधमन्यांची तुलना केली. मधल्या स्तरात सुमारे २९ पापुद्र्यांपर्यंत अशा वाहिन्या नसतात आणि त्यापुढे त्या दिसू लागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे या वाहिन्या असणे किंवा नसणे भिंतीच्या जाडीवर अवलंबून असते.

मेंदूच्या धमन्यांचे वेगळेपण

कवटीच्या आतल्या धमन्या वेगळ्या असतात. त्यांची भिंत पातळ असते आणि बाहेरचा स्तर तर फारच विरळ. निरोगी तरुण माणसाच्या मेंदूतील धमन्यांमध्ये व्हासा व्हासोरम बहुतेक नसतातच. त्यांची भिंत दोन्ही बाजूंनी पोसली जाते : आतून रक्ताने आणि, असे मानले जाते की, बाहेरून मेंदूभोवतीच्या मस्तिष्कमेरुद्रवाने.

वय वाढते, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह जडतो, आतल्या स्तरात चरबी आणि दाहाच्या पेशी साचून गाठी तयार होतात. हाच अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस. भिंत जाड झाली की तिच्या खोल भागात प्राणवायू कमी पडतो आणि तिथून नव्या वाहिन्या फुटण्याचा संदेश जातो. मेंदूच्या धमन्यांत अशा वाहिन्या मुख्यतः कवटीत शिरणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या सुरुवातीच्या भागात आढळतात, तेही उतारवयात आणि रोगट भिंतीत.

या वाहिन्या उपकारक की अपायकारक? त्या उपाशी भिंतीला अन्न देतात. पण त्या घाईत वाढलेल्या, कच्च्या आणि गळक्या असतात. त्यांच्यातून दाहाच्या पेशी आत शिरतात, कधी गाठीतच रक्तस्राव होतो आणि गाठ फुटण्याचा धोका वाढतो. याचा बराचसा पुरावा हृदयाच्या आणि मानेतल्या धमन्यांवरून मिळालेला आहे. मेंदूच्या धमन्यांत या वाहिन्या रोगाचे कारण आहेत की परिणाम, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. भारतासह आशियात कवटीतील धमन्यांचा अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस हे पक्षाघाताचे एक प्रमुख कारण आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्या अगदी जवळचा आहे.

आता कॅपिटल कॉम्प्लेक्सकडे

कॅपिटलवरची नेहमीची टीका तुम्हाला माहीत असेल : डोके धडापासून तोडून लांब ठेवले, म्हणून ते ओसाड पडले. वरचे शरीरशास्त्र वाचल्यावर ही टीका अपुरी वाटते. मेंदूची धमनीही इतरांपेक्षा वेगळी आणि एकाकी असते. स्वतःच्या सूक्ष्म वाहिन्या नसताना ती चालते, कारण तिची भिंत पातळ असते आणि बाहेरची बाजू मोकळी असते.

मूळ आराखड्यात कॅपिटलही असेच होते. उच्च न्यायालय (१९५५), सचिवालय (१९५८) आणि विधानसभा (१९६२) यांच्यामध्ये विस्तीर्ण चौक ठेवला. वाहनांचे रस्ते खालच्या पातळीवर नेले, निघालेल्या मातीच्या टेकड्या केल्या आणि वरची फरसबंदी चालणाऱ्यांना दिली. आतून मोटारी आणि कारभार, बाहेरून पायी फिरणारे नागरिक : दोन्ही बाजूंनी पोषण. चौक फार मोठा आहे, सावली कमी आहे, हे दोष खरेच. पण कल्पना चालण्याजोगी होती.

बिघडले ते भिंत जाड झाल्यावर. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा वेगळे राज्य झाले आणि एका राज्यासाठी बांधलेल्या इमारतींत दोन राज्यांचा कारभार आला. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी सचिवालयाबाहेरच्या बॉम्बस्फोटात पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची हत्या झाली. त्यानंतरचा कडक बंदोबस्त समजण्यासारखा आहे, पण त्याने चौकाची बाहेरची बाजू बंद झाली. २०१६ मध्ये युनेस्कोने कॅपिटलला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तरीही सामान्य माणसाला तिथे नोंदणी करून, ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकासोबत ठरावीक वेळीच जाता येते. आतला प्रवाह वाढला, बाहेरचे झिरपणे थांबले. माझ्या मते कॅपिटलवरची खरी टीका ही आहे, आणि ती रचनाकारापेक्षा नंतरच्या कारभाराला अधिक लागू होते.

जाड भिंतीत नव्या वाहिन्या फुटतात, तशा मागण्या इथेही फुटत आहेत. उच्च न्यायालयाच्या १ क्रमांकाच्या दालनासमोर ऊनपावसापासून आडोसा देणारा व्हरांडा बांधण्याचा आदेश त्या न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. वारशाला बाधा येईल म्हणून चंदीगड प्रशासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. वारसा जपणाऱ्यांची भीती खोटी नाही, कारण एक भर दुसरीला वाट करून देते. पण उभे राहून ताटकळणाऱ्या पक्षकाराची गरजही खोटी नाही. गळक्या वाहिनीचा पेच तो हाच.

रूपक कुठे थांबवावे

इथे सावध व्हा. कॅपिटलला लागूनच रॉक गार्डन आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक नेक चंद यांनी ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून गुपचूप उभारली, तीही बांधकामाला बंदी असलेल्या वनजमिनीवर. शहरासाठी उठवलेल्या गावांतील फुटक्या चिनी मातीपासून बांगड्यांच्या काचांपर्यंत सारे त्यांनी वापरले. आराखड्याच्या नजरेने ही ‘रोगट वाढ’च होती. पण ती पाडली गेली नाही, १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि शहराची लाडकी जागा ठरली. २०२५ च्या सुरुवातीला मात्र उच्च न्यायालयाकडची वाहतूक आणि वाहनतळ यांसाठी तिच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. नागरिकांनी निषेध केला. नळी रुंद करताना भिंतीचा विचार मागे पडतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

शरीरात गाठीतल्या वाहिनीला कोणी तिचे म्हणणे विचारत नाही. शहरात विचारावे लागते. एखाद्या वस्तीला, टपरीला किंवा बागेला ‘शहराची गाठ’ म्हटले की ती कापणे आपोआप योग्य ठरते. युक्तिवादाची गरजच उरत नाही. रूपकाचा खरा धोका तो. म्हणून शरीराचे रूपक प्रश्न विचारायला वापरा, निकाल द्यायला नव्हे.

स्वाध्याय : तुमच्या गावातील किंवा शहरातील ‘धमनी’ म्हटला जाणारा एक रस्ता निवडा. त्यावरून काय वाहते ते एका परिच्छेदात लिहा. मग त्याच्या कडेला कोण जगते आणि त्यांचे पोट कशावर भरते, ते दुसऱ्या परिच्छेदात लिहा. दुसरा परिच्छेद लिहिताना माहिती कमी पडली, तर आधी त्या रस्त्याने एकदा पायी जाऊन या.