निबंधाचे प्रतिपाद्य विधान : एका विद्यार्थ्याच्या निबंधाचे वाचन

समजा तुम्हाला ‘ओरगडम’ या विषयावर निबंध लिहायचा आहे. चेन्नईच्या नैर्ऋत्येला, श्रीपेरुंबुदूरच्या दक्षिणेस असलेली ही औद्योगिक वसाहत. रेनो-निसानचा मोटारींचा कारखाना येथे २०१० साली सुरू झाला, डाइम्लरचा ट्रकचा कारखाना २०१२ साली. रॉयल एनफिल्डच्या मोटारसायकलीही येथे तयार होतात. बहुतेक विद्यार्थी पहिले वाक्य असे लिहितील : ‘ओरगडम हे भारतातील वाहननिर्मितीचे एक महत्त्वाचे केंद्र आहे.’

या वाक्यात चूक काहीच नाही, आणि अडचण तीच आहे. ते कोणी नाकारणार नाही, म्हणून ते सिद्ध करण्याचीही गरज नाही. आणि सिद्ध करायचे काही नसेल तर पुढची तीन पाने कशासाठी वाचायची? थोडा धीट विद्यार्थी लिहील : ‘औद्योगिक विकासाचे जसे फायदे आहेत तसे तोटेही आहेत.’ हे वळण आपल्याला शाळेतच लागते. ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर निम्मा निबंध शापावर, निम्मा वरदानावर, आणि शेवटी ‘सर्व काही वापरणाऱ्याच्या हाती आहे’ असे म्हणून सुटका. मीही अशा निबंधांवर गुण मिळवले आहेत. पण त्यांतल्या एकाही निबंधात मी काही म्हटले होते, असे आज म्हणवत नाही.

ज्या एका वाक्यासाठी निबंध लिहिला जातो आणि जे चुकीचे ठरण्याची शक्यता असते, त्याला आपण येथे प्रतिपाद्य विधान म्हणू. विषय म्हणजे प्रतिपाद्य नव्हे, आणि नुसते मतही नव्हे. हे व्याख्येने फारसे कळत नाही, म्हणून एका विद्यार्थ्याचाच निबंध वाचू.

हा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी, पंचविसाव्या वर्षी, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास या विषयावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन ॲन्टिक्वेरी’त छापून आला. आज आपण तो बाबासाहेबांचा ग्रंथ म्हणून आदराने वाचतो. पण लिहिला गेला तेव्हा तो वर्गात वाचायचा एक निबंध होता. क्षणभर तसाच वाचा.

जातीविषयी तोवर पुष्कळ लिहिले गेले होते, त्यामुळे निबंधाची सुरुवात इतरांच्या व्याख्यांपासून होते. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतो. नेसफिल्डला जातीबाहेर न जेवणे महत्त्वाचे वाटते. रिस्ले समान नाव आणि समान मूळपुरुष सांगतो. चौथी व्याख्या श्रीधर व्यंकटेश केतकरांची, ज्यांना आपण पुढे ज्ञानकोशकार म्हणून ओळखू लागलो. जातीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ सालचा. जातीची त्यांनी दोन लक्षणे सांगितली : सभासदत्व जन्मानेच मिळते, आणि जातीबाहेर लग्न करण्यास बंदी असते.

आता आंबेडकर काय करतात ते पाहा. इतरांपेक्षा केतकरांची व्याख्या त्यांना अधिक पटते, पण तेथेही ते थांबत नाहीत. ही दोन लक्षणे खरे तर एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे ते दाखवतात. बाहेर लग्न बंद केले की सभासदत्व आपोआप आत जन्मलेल्यांपुरते उरते. मग शिल्लक राहते एकच : जातीतल्या जातीत लग्न, म्हणजे अंतर्विवाह. मराठीत यासाठी ‘बेटीबंदी’ हा शब्द कधीपासून आहे. नेसफिल्डने सांगितली ती रोटीबंदी. आंबेडकरांचे प्रतिपाद्य आपल्या भाषेत मांडायचे तर बेटीबंदी हीच जात, बाकीचे सारे तिच्या मागून येते.

हे वाक्य ‘महत्त्वाचे केंद्र’सारखे नाही. ते नाकारता येते. विटाळाचे काय? व्यवसायाचे काय? मनूचे काय? श्रोत्यांपैकी कोणीही हे विचारू शकला असता, आणि म्हणूनच निबंधाला पुढे जावे लागते. विटाळाला ते पुरोहितवर्गाच्या संदर्भात दुय्यम स्थान देतात. मनूने जात निर्माण केली हे ते मान्य करत नाहीत. जात त्याच्या आधीच होती, त्याने असलेल्या चालीला नियमाचे रूप दिले, असे त्यांचे म्हणणे.

मला निबंधाचा सर्वांत समृद्ध भाग दुसराच वाटतो. सगोत्र आणि सपिंड विवाह निषिद्ध मानणाऱ्या समाजाचा मूळ कल बहिर्विवाहाकडे आहे, असे ते म्हणतात. अशा समाजातल्या एका गटाने दार लावून घेतले तर काय होईल? आत विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी ठेवावी लागेल, नाहीतर कोणीतरी बाहेर जोडीदार शोधेल. पण मरण जोडीने येत नाही. नवरा आधी गेला तर एक स्त्री ‘जास्तीची’ उरते. तिला त्याच्याबरोबर जाळा, किंवा जन्मभर विधवा ठेवा. बायको आधी गेली तर पुरुष जास्तीचा उरतो. त्याला कोणी जाळत नाही, कारण सत्ता त्याच्या हाती. संन्यास त्याच्यावर लादणेही कठीण. मग अजून लग्नाचे वय न झालेल्या मुलींतून त्याला वधू द्या. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह : या तीन चाली आपण तीन वेगळी प्रकरणे म्हणून शिकतो. येथे त्या एका हिशेबाच्या तीन ओळी होतात. त्या चालींचा गौरव करणारे तत्त्वज्ञान नंतर आले, असेही ते जाता जाता सांगून टाकतात.

आधी कोणाला न दिसलेला संबंध एखादे विधान दाखवू लागले की ते कामाचे आहे असे समजा. तुमच्या विधानातून तुम्हालाच पुढचा परिच्छेद सुचत नसेल, प्रत्येक परिच्छेद बाहेरून आणून चिकटवावा लागत असेल, तर दोष परिच्छेदांचा नाही.

निबंधात कच्चे दुवे नाहीत असे मात्र नाही. दार आधी पुरोहितवर्गाने लावले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, हा भाग मला तितका घट्ट बांधलेला वाटत नाही. येथे ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्दच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतात. पहिल्या भागातला हिशेब त्यांचा स्वतःचा होता. येथे नियम उसना आहे. काहींनी दार लावले आणि इतरांना ते बंद सापडले, ही त्यांचीच दुसरी कल्पना माझ्या मते अनुकरणापेक्षा अधिक बळकट आहे. तिच्यावर त्यांनी आणखी थांबायला हवे होते. आपले मत चुकीचे दाखवून दिल्यास ते सोडायची तयारीही निबंधाच्या अखेरीस आहे. शाळेत आपल्याला ही तयारी म्हणजे दुबळेपणा वाटते, आणि म्हणून आपण आधीच काही न म्हणण्याची काळजी घेतो.

आणखी एक गोष्ट. अस्पृश्यता स्वतः भोगलेला हा तरुण. पण स्वतःची कहाणी त्याने या निबंधात सांगितलेली नाही. श्रोत्यांनी सहानुभूतीने मान डोलावली असती, आणि प्रतिपाद्य तपासायचे राहून गेले असते. ते विधान अनुभवाशिवाय सुचले असते का, हा प्रश्न वेगळा. वीस वर्षांनी, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेल्या परिषदेसाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. त्याची वाट याच विधानातून निघते. पण तोवर विधान बदललेही होते : विवाहबंदीच्या मागे शास्त्रांचे पावित्र्य उभे आहे आणि आधी तेच मोडले पाहिजे, असे ते आता म्हणत होते.

आता ओरगडमकडे परत येऊ. तेथे इतके कारखाने का आले, असे विचारले तर पहिले उत्तर येते : चेन्नईला बंदर आहे. याला विरोध करणारे एक वाक्य लिहून पाहू : ‘ओरगडम बंदरामुळे वाढले नाही, शेजारी आधीच आलेल्या कारखान्यांभोवती सुटे भाग पुरवणारे जमले होते, म्हणून वाढले.’ हे खरे आहे असे मी म्हणत नाही, तपासण्याजोगे आहे असे म्हणतो. त्याच्या बाजूने काय आहे? ह्युंदाई १९९८ मध्येच जवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे मोटारी तयार करू लागली होती, आणि फोर्ड त्याच सुमारास मरैमलै नगरात आली. ओरगडम या दोन्हींपासून दूर नाही. तुलनेला पुण्याजवळचे चाकण घ्या. बंदर तेथे दाराशी नाही, न्हावाशेवा घाट उतरून गाठावे लागते. तरी फोक्सवॅगनने २००९ साली कारखाना काढला तो चाकणला, जवळच्या पिंपरी-आकुर्डीत टेल्को आणि बजाज कित्येक दशके उभे होते तेथे.

विरुद्ध बाजूही भक्कम आहे. निसान २०१० पासून ओरगडमच्या मोटारी एन्नोर बंदरातून परदेशी पाठवू लागली. निर्यात हाच हेतू असेल तर बंदराला बाजूला कसे सारणार? शिवाय सिपकॉट या राज्य सरकारच्या महामंडळाने जमीन दिली, ती वेगळीच. मग वाक्य दुरुस्त करावे लागेल, कदाचित असे : ‘ओरगडमला पहिले कारखाने पुरवठादारांच्या जवळिकीने आणले; बंदराने ठरवले ते इतकेच, की त्यांतल्या कोणी परदेशासाठी मोटारी बनवाव्यात.’ हेही चुकीचे ठरू शकते. कोणता कारखाना कोणत्या साली आला, त्याचे सुटे भाग कोठून येतात आणि तयार गाड्या कोठे जातात, याची यादी करायला घ्या. दुसऱ्या मसुद्यात पहिल्या वाक्यातला कोणता शब्द टिकला तेवढे पाहा.