बाष्प-निर्जंतुकीकरणाचे अक्षरी वर्गीकरण : एक परीक्षण

लहान बाष्प-निर्जंतुकीकरण यंत्रांसाठी २००४ साली निघालेल्या 'ईएन १३०६०' या युरोपीय मानकाने आवर्तनांचे तीन वर्ग कल्पिले. 'एन' हा उघड्या, भरीव उपकरणांसाठी. 'बी' हा वेष्टित, सच्छिद्र व पोकळ अशा सर्वांसाठी. आणि 'एस' हा यंत्राचा निर्माता सांगेल त्यांसाठी. पहिले दोन वर्ग उपकरणाच्या स्वरूपावरून पाडले आहेत. तिसरा निर्मात्याच्या शब्दावर विसंबतो. विभाजनाचे तत्त्व असे मध्येच बदलल्यावर 'एस'ला वर्ग म्हणणे कठीण. ही मुद्रा धारण करणारी दोन यंत्रे परस्परांहून सर्वस्वी भिन्न असू शकतात.

तथापि या अक्षरांमागील मूळ विचार यथार्थ आहे. १२१ अंशास १५ मिनिटे किंवा १३४ अंशास ३ मिनिटे हे आकडे विद्यार्थी मुखोद्गत करतो. परंतु ते उपकरणाच्या पृष्ठभागास प्रत्यक्ष भिडलेल्या संपृक्त वाफेविषयी आहेत. वाफेचे पाणी होताना १०० अंशास दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता सुटते. हवेजवळ हे भांडवल नाही. अरुंद नळीत दोन्ही टोकांनी वाफ शिरली, की आतील हवा मध्यभागी कोंडली जाते. बाहेरचा तापमापक १३४ अंश दाखवीत असतो आणि तो मधला भाग केवळ कोरड्या हवेत तापत असतो; कोरड्या उष्णतेने निर्जंतुकीकरण साधण्यास तर १६० अंश व २ तास लागतात. म्हणून 'बी' आवर्तनात हवा ओढून घेणे व वाफ सोडणे ही क्रिया आळीपाळीने अनेकवार होते. कोंडलेल्या हवेची किंमत इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे दिसली. ऑटोक्लेव्हच्या तळाशी हवा राहून खालच्या बाटल्या पुरेशा तापल्या नव्हत्या. त्यांतील द्रावण शिरेवाटे दिले गेल्याने १९७२ साली तेथे रुग्ण दगावले.

यावरून 'बी' सर्वत्र श्रेष्ठ, असा निष्कर्ष विक्रेते काढतात. तो मान्य होण्याजोगा नाही. द्रवपदार्थ निर्वातात उकळून उतू जातात. त्यांस सावकाश निवणारे स्वतंत्र आवर्तनच हवे.  शिवाय 'बी'चे अभिवचन मानकातील परीक्षण-भारापुरतेच आहे. पोकळ उपकरणांसाठीची परीक्षण-नळी १.५ मीटर लांब व २ मिलिमीटर व्यासाची असते. तीहून सूक्ष्म नळीचे उपकरण हाती असल्यास यंत्रावरील अक्षर पुरेसे नाही. त्या उपकरणाच्या निर्मात्याने कोणते आवर्तन प्रमाणित केले आहे, हे आधी वाचले पाहिजे.