पोलादावरचे हस्ताक्षर

दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर पहारा देणारा मातीचा मावळा बुरुजाहून उंच असतो. त्याबद्दल मुलांना कोणी जाब विचारत नाही. किल्ला हा खेळ आहे, मोजमापाचा करार त्यात नाही. पण जो गृहस्थ खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा रणगाडा करून टेबलावर मांडतो, त्याने हा करार आपण होऊन केलेला असतो. म्हणून त्याला जाब विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो मी येथे एकाच जागी विचारणार आहे: पोलादाच्या दोन जाड प्लेटी जिथे एकमेकींना मिळतात, त्या वेल्डिंगच्या सांध्यापाशी.

पस्तिसावा हिस्सा हे मापही कोणा शास्त्रज्ञाने ठरवलेले नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानमधल्या शिझुओका येथील तामिया कंपनीने जर्मन 'पँथर' रणगाड्याचा प्लॅस्टिकचा संच काढला. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढ्यासाठी जो आकार धरला, त्यातून हे माप आले आणि पुढे जगभर रूढ झाले. जुन्या संचांत सांधे पुष्कळदा गाळलेले असत, नाहीतर एका गुळगुळीत रेघेवर भागवलेले असत. तेव्हा हौशी कारागिरांनी हे काम आपल्या हाती घेतले.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. संचातली उरलेली प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून ताणली की केसासारखा तंतू निघतो. तो सांध्यात बसवायचा, त्यावर पातळ चिकटद्रव्याचा हात फिरवायचा आणि तो मऊ झाला की सुरीच्या धारेने आडवे दाब देत जायचे. दुसरे लोक दोन भाग मिसळून मळायचे पुट्टीचे पीठ वापरतात. त्याची बारीक वळी करून ती सांध्यात बसवतात आणि तिरप्या कापलेल्या नळीच्या टोकाने तिच्यावर चंद्रकोरी उठवतात. आता तर कागदावरून उचलून चिकटवायचे तयार सांधेही मिळतात.

मग बिघडते कुठे? पहिला दोष असा की, सांधा प्लेटींच्या मधल्या खाचेत बसण्याऐवजी वर टाकलेल्या सुतळीसारखा दिसतो. खरा वेल्डर दोन कडांमधली दरी वितळलेल्या धातूने भरतो. म्हणून कारागिराने आधी खाच कोरली पाहिजे. भरण्याची गोष्ट नंतरची.

दुसरा दोष मापाचा. खरा सांधा १४ मिलिमीटर रुंद असला तर प्रतिकृतीत तो ०.४ मिलिमीटर होतो आणि त्यावरच्या लाटा जवळजवळ दिसेनाशा होतात. येथे थोडी अतिशयोक्ती क्षम्य आहे. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला डोळे दिसावेत म्हणून नटही काजळ जाड घालतोच की! पण काजळ घालणे वेगळे आणि मुखवटा चढवणे वेगळे.

तिसरा दोष मला सर्वांत मोठा वाटतो, तो एकसारखेपणाचा. शाळामास्तराला कित्ता गिरवलेले अक्षर आणि परीक्षेची घंटा व्हायच्या बेतात असताना लिहिलेले अक्षर लांबूनही वेगळे ओळखता येते. पोलादावरही तसेच असते. १९४१ साली जर्मन सैन्य पुढे सरकू लागले तेव्हा खार्कोव्हचा रणगाड्यांचा कारखाना उरल पर्वतातल्या निझ्नी तागिलला हलवला गेला. कीव्हचे वेल्डिंगतज्ज्ञ येव्हगेनी पाटन यांची संस्थाही तेथेच आली. त्यांच्या यंत्रात विजेची ठिणगी वाळूसारख्या भुकटीच्या थराखाली जळे आणि लांब सरळ सांधा आपोआप, सफाईने भरला जाई. अशा यंत्रांवर स्त्रिया आणि कोवळी पोरेही काम करू शकली. जिथे यंत्र पोचत नसे तिथे हाताने वेल्डिंग करावे लागे. म्हणून 'टी-३४'वर शांत, सरळ सांध्याच्या शेजारीच घाईने ओढलेला, ओबडधोबड सांधा दिसतो. जर्मन 'टायगर'च्या प्लेटी सुताराने पेटीचे कोपरे जुळवावेत तशा दाते कापून एकमेकींत गुंतवलेल्या, मग वेल्ड केलेल्या. १९४३ साली ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला असा एक 'टायगर' इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. अमेरिकन 'शेर्मन'चे तर आणखी निराळे. त्याच्या एका प्रकाराचे वरचे अंग प्लेटी जोडून केलेले, दुसऱ्याचे एकसंध ओतीव. त्या ओतीव अंगावर हौसेने सांधे काढणे म्हणजे शिवण नसलेल्या धोतराला शिवण दाखवणे!

असे असताना तिन्ही रणगाड्यांवर एकाच नळीच्या, एकाच अंतरावरच्या चंद्रकोरी उमटवणारा कारागीर कुशल असेल. पण त्याने फक्त कित्ता गिरवला आहे. तयार सांध्यांचेही तेच. यंत्राच्या सांध्याला ते शोभतात, हाताच्या सांध्याला नाहीत. कादंबरीतही असे होते. तपशिलांची गर्दी केली म्हणजे वास्तव उभे राहत नाही; प्रत्येक तपशील कोणाच्या हातून, कोणत्या घडीला घडला हे लेखकाला ठाऊक असावे लागते.

घरातली वडीलधारी मंडळी विचारतील, संहाराच्या यंत्रावर एवढा जीव कशाला लावायचा? प्रश्न रास्त आहे. तोफ आणि पट्टे पाहून मनात फक्त दराराच उपजतो. पण सांध्यापाशी नजर थांबली की त्या यंत्रामागचे माणूस दिसते: उरलच्या थंडीत उभी असलेली एखादी बाई, जिला तो रणगाडा कुठे जाणार आणि त्यातली मुले परतणार की नाही हे ठाऊक नव्हते. तिचे नाव कुठे कोरलेले नाही. तिचा हात तेवढा त्या सांध्यात उरला आहे. तो पुसून सारे गुळगुळीत करणे किंवा नक्षी करून सजवणे, दोन्ही सारखेच अन्यायाचे.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. सुटीत मुलांना घेऊन जाल तेव्हा तोफेपाशी फोटो जरूर काढा. पण नंतर एखादा सांधा शोधा आणि तो वाचायला त्यांना शिकवा. ज्याने तो वाचला आहे, त्याच्याच हातची प्रतिकृती खरी वठेल.