‘लूट’ : एका फार्सचे दोन निकाल

जो ऑर्टन (१९३३–१९६७) या इंग्रज नाटककाराच्या ‘लूट’ या नाटकास वीस महिन्यांच्या आत परस्परविरुद्ध असे दोन निकाल मिळाले. फेब्रुवारी १९६५ मध्ये केंब्रिज येथे झालेला त्याचा पहिला प्रयोग समीक्षकांस रुचला नाही आणि दौऱ्यावर असतानाच, वेस्ट एंड गाठण्यापूर्वी, नाटक बंद पडले. सप्टेंबर १९६६ मध्ये चार्ल्स मारोविट्झ यांच्या दिग्दर्शनाखाली ते लंडनमध्ये पुन्हा आले, तेव्हा त्याची मुक्तकंठाने स्तुती झाली. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट नाटकाचे ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पारितोषिकही त्यास लाभले. ‘काळाच्या पुढची कृती’ हे सुलभ सूत्र येथे पुरत नाही. समाजाची अभिरुची इतक्या त्वरेने पालटत नसते.

नाटकाचा विनोद सर्वस्वी शारीर क्रियेवर उभा आहे. बँक फोडून आणलेला पैसा लपविण्यासाठी मुलगा स्वतःच्या आईचे प्रेत शवपेटीतून काढून कपाटात उलटे उभे करतो. संस्कृत साहित्यशास्त्राने हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानले. त्या विरोधावरच ऑर्टनने रचना केली आहे. प्रेत हाताळणारे हात सामान हलविल्यासारखे निर्विकारपणे चालले, तरच हसू येते. नटाने किळस दाखविली किंवा प्रेक्षकाकडे पाहून डोळे मिचकावले, की उरतो तो केवळ आचरटपणा. म्हणूनच ऑर्टनचा आग्रह गंभीर, वास्तव अभिनयाचा होता; पीटर वूड यांचा १९६५ चा प्रयोग मात्र शैलीकरणाकडे झुकलेला होता.

तथापि सारा दोष दिग्दर्शनावर टाकणेही न्याय्य नव्हे. दौऱ्यात व त्यानंतर ऑर्टनने संहितेची बरीच पुनर्रचना केली. शिवाय नाट्यपरीक्षणाधिकारी असलेल्या लॉर्ड चेंबरलेनच्या अटीमुळे प्रेताच्या जागी पुतळाच वापरावा लागे; ही सत्ता १९६८ च्या कायद्याने संपली. २०१७ मध्ये लंडनच्या पार्क थिएटरमधील प्रयोगात ते प्रेत एका अभिनेत्रीने साकारले. म्हणजे ‘लूट’विषयीचा प्रत्येक अभिप्राय एका विशिष्ट संहितेवरील आणि विशिष्ट देहांवरील अभिप्राय होय. लंडनमधील यशानंतरही न्यूयॉर्क येथे १९६८ मध्ये नाटकाचे अवघे २२ प्रयोग झाले, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते.

अभिरुचीच्या या वादात नाटकाचा खरा प्रश्न मात्र झाकला जाण्याचा संभव असतो. लंडनमधील चॅलेनॉर या पोलीस अधिकाऱ्याने निरपराध्यांवर खोटा पुरावा लादल्याचे प्रकरण १९६३ मध्ये गाजले होते. नाटकातील इन्स्पेक्टर ट्रस्कॉटवर त्याची छाया आहे. अखेरीस चोर सुटतात, इन्स्पेक्टर वाटा घेतो आणि घरातील एकमेव निर्दोष माणूस, मृतेचा पती, तुरुंगात जातो. प्रेताच्या विटंबनेने दुखावलेला प्रेक्षक या अटकेवर हसत असेल, तर अभिरुचीची परीक्षा नाटकाची नव्हे, त्याचीच झालेली असते. या नाटकाची जुनी परीक्षणे वाचताना अभ्यासकाने प्रथम हेच पाहावे की, परीक्षकास आक्षेपार्ह काय वाटले : कपाटातील मृत देह, की जिवंत माणसावरील अन्याय.