'मी रोबोट नाही' : एका लक्षणाची तपासणी



आजचा विषय पत्रिकेत वाचून दोघातिघांनी आम्हाला आधीच विचारले, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने कॅप्चावर कशाला बोलायचे, ते तर कॉम्प्युटरवाल्यांचे काम. कॅप्चा म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रेल्वेचे तिकीट काढताना, कोर्टातल्या खटल्याची तारीख बघताना वाकडीतिकडी, एकमेकांवर चढलेली पाच-सहा अक्षरे समोर येतात आणि ती खालच्या चौकटीत टाइप करा म्हणून सांगितले जाते. नाहीतर नऊ चित्रे येतात, त्यातले सिग्नल ओळखा, बस ओळखा. ओळखले की आपण माणूस. माणूस कोण हे ठरवायला कुणी बसला असेल, तर त्याने केलेली व्याख्या तपासणे हे आमच्या विषयाचे जुनेच काम आहे. म्हणून हे व्याख्यान.

आधी त्यांची बाजू, कारण ती खोटी नाही. २००० सालच्या सुमारास याहूसारख्या कंपन्या फुकट ई-मेल खाती देत होत्या. कुणीतरी एक प्रोग्राम लिहायचा आणि तो प्रोग्राम रातोरात हजारो खाती उघडून जगभर कचरा पाठवायचा. त्यावर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड काढली: यंत्राला जमणार नाही पण माणसाला सहज जमेल असे काम दारातच द्यायचे. २००३ मध्ये त्यांचा निबंध आला. कॅप्चा हे लघुरूप आहे, आणि त्याचा अर्थ साधारण असा : संगणक आणि माणूस यांना वेगळे ओळखणारी, पूर्णपणे स्वयंचलित, सार्वजनिक ट्युरिंग चाचणी. या नावातल्या 'ट्युरिंग'पाशी आम्ही जरा थांबणार आहोत.

ॲलन ट्युरिंगचा मूळ निबंध १९५० साली 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या त्रैमासिकात आला. कॉम्प्युटरच्या नव्हे, तत्त्वज्ञानाच्या, हे बरं का ध्यानात घ्या. त्यात तो एक खेळ मांडतो. एका खोलीत प्रश्न विचारणारा माणूस, दुसरीकडे एक माणूस आणि एक यंत्र. प्रश्नोत्तरांवरून कोण यंत्र ते ओळखायचे. उत्तरे टाइप करून यायची. दोन खोल्यांमध्ये टेलिप्रिंटर असला तर उत्तमच. असे का? तर आवाजावरून, दिसण्यावरून निकाल लागू नये म्हणून. माणसाच्या शारीरिक क्षमता आणि बौद्धिक क्षमता यांच्यामध्ये रेघ ओढता येते, हे ट्युरिंगला आपल्या चाचणीचे मोठे बलस्थान वाटत होते. डोळे, कान, कातडी यांना त्याने मुद्दाम खोलीबाहेर ठेवले.

आणि त्याच निबंधात, शेवटाकडे, तो यंत्राला लहान मुलासारखे शिकवण्याबद्दल बोलतो. त्याला हात-पाय-डोळे नसले तर शिकवणार कसे, या शंकेला उत्तर म्हणून तो नाव घेतो हेलन केलर यांचे. दोन्ही दिशांनी संवाद होण्याचा कुठला तरी मार्ग असला की शिक्षण होते, हे या बाईंच्या उदाहरणावरून दिसते, असे तो म्हणतो. निबंध छापला गेला तेव्हा केलर सत्तर वर्षांच्या होत्या, १९०४ मध्ये पदवीधर झालेल्या, टाइपरायटर सराईतपणे चालवणाऱ्या. म्हणजे बघा, ट्युरिंगच्या खेळात त्या उत्तर देणाऱ्या माणसाच्या खुर्चीवर बसू शकल्या असत्या, आणि कागद ब्रेलमध्ये मिळाला असता तर परीक्षकाच्या खुर्चीवरसुद्धा. त्याच ट्युरिंगचे नाव लावलेल्या आजच्या चाचणीत मात्र त्या पहिल्याच पायरीवर नापास झाल्या असत्या. वाकडी अक्षरे दिसली नसती आणि पर्याय म्हणून दिलेले आकडे ऐकू आले नसते. शिवाय ट्युरिंगच्या खेळात परीक्षक माणूस होता; इथे माणूस कोण हे यंत्र ठरवते. नाव तेच ठेवून आतला माल पूर्ण बदललेला आहे.

हा विषय आमच्यापर्यंत पुस्तकातून आलेला नाही. आमचा एक जुना विद्यार्थी जन्मापासून अंध. एम.ए.ला होता तेव्हा कानाने सगळे घ्यायचा. पुढे ऐकणेही कमी कमी होत गेले आणि आता तो ब्रेल डिस्प्लेवर वाचतो. ज्यांनी हे उपकरण पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो : कीबोर्डसमोर एक पट्टी असते, तिच्यावर बारीक टोके वरखाली होतात, स्क्रीनवरची ओळ ब्रेलमध्ये बोटाखाली उमटते. तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या संशोधन अनुदानासाठी त्याने अर्ज भरला. सत्तावीस रकाने, प्रस्ताव, खर्चाचा तपशील, सगळे स्वतः. मोबाइलवर आलेला ओटीपीसुद्धा त्याने बोटांनी वाचून टाकला, कारण ओटीपी म्हणजे मजकूर असतो आणि मजकूर बोटापर्यंत पोचतो. शेवटच्या पानावर कॅप्चा. पट्टीवर 'ग्राफिक' एवढाच शब्द उमटला.

मुदत रात्री बाराची. त्याने स्क्रीनचा फोटो काढून आम्हाला पाठवला : सर, अक्षरं वाचून द्या. आम्ही चष्मा शोधला, वाचली, पाठवली. तोपर्यंत त्या पानाची वेळ संपून नवी अक्षरे आली होती. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा वेळेत पोचलो, पण आम्ही शून्याला ओ म्हटले. आमच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे राहिलेले; तेव्हा माणूस म्हणून आम्हीही त्या रात्री काठावरच होतो. चौथ्या खेपेला पान लॉगिनवर परत गेले आणि नंतर उघडलेच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने छापील अर्ज पोस्टाने पाठवला. उत्तर आले, की अर्ज फक्त ऑनलाइन स्वीकारले जातात.

आता तर्काकडे वळू. आपल्या न्यायशास्त्रात लक्षण तपासायची सोपी रीत आहे. गाय म्हणजे काय? कुणी म्हणाले, तांबूस रंगाचा प्राणी. मग पांढऱ्या गाई सुटल्या, ही अव्याप्ती. कुणी म्हणाले, शिंगे असलेला प्राणी. मग म्हशी आत आल्या, ही अतिव्याप्ती. कॅप्चाने माणसाचे लक्षण केले आहे 'जो वाकडी अक्षरे वाचतो तो'. अंध सुटले, मंददृष्टीचे सुटले, कितीतरी म्हातारे सुटले. अव्याप्ती उघड आहे. तरी कुणी म्हणेल, थोडे लोक सुटले पण यंत्रे तर अडली ना? तीही अडली नाहीत. २०१४ मध्ये गूगलनेच जाहीर केले, की त्यांची प्रणाली सगळ्यात अवघड वाकडी अक्षरे ९९.८ टक्के अचूक वाचते. शिवाय हजाराच्या दराने माणसांकडून कॅप्चा सोडवून देणारे धंदे आहेत : प्रोग्राम चित्र पाठवतो, कुठल्यातरी शहरातला गरजू माणूस अक्षरे टाइप करतो, प्रोग्राम आत शिरतो. म्हणजे गाई बाहेर आणि म्हशी आत. एकाच लक्षणात दोन्ही दोष एवढे ठळक वर्गातल्या उदाहरणातसुद्धा सापडत नाहीत.

दोष दिसल्यावर लक्षण टाकून द्यायला हवे होते. त्यांनी त्याला ठिगळ लावले : जो वाचतो किंवा ऐकतो तो माणूस. चित्राशेजारी कानाचे किंवा स्पीकरचे बटण आले. ते कसे चालते ते पाहा. खरखरीत आवाजात, मागे गोंगाट मिसळून, परक्या उच्चारात इंग्रजी आकडे येतात. अंध माणसाचा कॉम्प्युटर स्क्रीन रीडरवर चालतो, म्हणजे तो स्वतः बोलत असतो. आकडा ऐकून टाइप करायला घेतला, की स्क्रीन रीडर टाइप केलेले अक्षर उच्चारतो आणि पुढचा आकडा त्याखाली बुडतो. २००९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अभ्यासात अंध सहभागींना पहिल्या प्रयत्नात असे आवाजी कॅप्चा ४३ टक्के वेळाच सुटले. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सर्वसाधारण लोकांना ते ऐकवले, तर तीन जणांचे एकमत फक्त ३१ टक्के वेळा झाले. आणि यंत्र? २०१७ मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांच्या प्रोग्रामने गूगलचे आवाजी कॅप्चा ८५ टक्के यशाने सोडवले. ठिगळही त्याच दोन जागी फाटले.

बधिरांध माणसाला मात्र हे ठिगळ लावले काय आणि न लावले काय, फरक पडत नाही. आमची मुख्य तक्रार इथे आहे आणि ती कंपन्यांपेक्षा नियम करणाऱ्यांविषयी जास्त आहे. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने केले, त्यात कॅप्चाला सवलत आहे : एका इंद्रियासाठी असेल तर दुसऱ्या इंद्रियासाठीही द्या. दोन दिले की भागले. त्याच संस्थेची कॅप्चाच्या अगम्यतेवर वेगळी टिप्पणी आहे, २००५ची, २०१९ मध्ये सुधारलेली. बधिरांध व्यक्ती या व्यवस्थेत बाहेर राहतात हे त्यांना माहीत आहे. माहीत असून निकष तसाच राहतो, कारण निकष यादी करून बनतो. अंधांसाठी एक, बहिऱ्यांसाठी एक. ज्याचे नाव दोन्ही यादीत आहे त्याला दोन सोयी मिळतात, आणि दोन्ही निरुपयोगी. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत बहुविकलांगतेखाली बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख केला. मुंबईत बधिरांध मुलांना शिकवणारी, हेलन केलर यांच्याच नावाची संस्था १९७७ पासून आहे. तिथून शिकून निघालेली मुले आता मोठी झालेली आहेत. त्यांनाही बँक लागते, तिकीट लागते, अर्ज भरावे लागतात.

नवे प्रकार आले आहेत म्हणतात. 'मी रोबोट नाही' या चौकटीत टिचकी मारा, किंवा तीही नको, आम्ही मागून बघतो आणि तुम्हाला शून्य ते एकमध्ये गुण देतो. बोटांना हे सोपे आहे, आम्ही मान्य करतो. आमच्या विद्यार्थ्याची पुष्कळ कामे त्यामुळे होतात. पण शंका आली की हाच प्रकार पुन्हा नऊ चित्रे समोर ठेवतो. गुण कशावरून दिले ते सांगत नाहीत, आणि कमी पडले तर दाद मागायला कुणी नाही. एचकॅप्चाने आणखी एक वाट काढली : ई-मेल नोंदवा, एक कुकी घ्या, मग तुम्हाला परीक्षा माफ. हेतू चांगला आहे. पण इतरांनी माणूस असल्याचा पुरावा द्यायचा आणि याने अपंग असल्याची नोंद करून यायची, हे दार वेगळे आहे.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या खटल्यात निकाल दिला. याचिका ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची आणि एका अंध व्यक्तीची होती. कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा, तर तुम्ही जिवंत, अशी तिथली अट. पापणीच मिटता येत नसेल तर? न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि सुधारणांचे निर्देश दिले. पापणी आणि वाकडी अक्षरे ही एकाच जातीची लक्षणे आहेत. निकाल पापणीबद्दल असला तरी त्यातला युक्तिवाद अक्षरांनाही लागू पडतो, असे आमचे मत आहे.

मग सुरक्षेचे काय, असे विचारले जाईल. विचारलेच पाहिजे. आमचे उत्तर असे, की संस्थेला माणूस कोण हे जाणून घ्यायचेच नसते. तिला जाणून घ्यायचे असते की एकाने हजार अर्ज टाकले का. हा निराळा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे मजकुरात देता येतात. एका खात्यावरून किती वेळा अर्ज यावा यावर मर्यादा घालता येते. ई-मेलवर दुवा पाठवून खात्री करता येते. फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवला तर प्रोग्राम तो भरतो आणि सापडतो. अर्थात स्क्रीन रीडरला तो वाचून दाखवला जाणार असेल, तर 'हा रिकामा ठेवा' असे लिहायची अक्कल लागते, नाहीतर तिथेही अंधच सापडायचे. आणि ज्याने ओटीपी टाकून, ओळखपत्र जोडून सत्तावीस रकाने भरले आहेत, त्याच्यापुढे शेवटच्या पानावर कॅप्चा कशाला? आम्ही त्या संस्थेला हे पत्राने विचारले होते.

पत्राला उत्तर आले नाही, पण यंदा अर्जाचे पान बदलले आहे. अक्षरांच्या शेजारी स्पीकरचे चित्र असलेले बटण आले आहे, आणि त्यावर 'दिव्यांगांसाठी' असे लिहिले आहे. विद्यार्थ्याने यंदा अर्ज भरला. बायकोला शेजारी बसवून, कारण अक्षरे तिनेच टाइप केली.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून आला आहे, तो आधी घेऊ.